ओळ दोनशे चौदा

इथे पहाटेचे पाच.
कंपनीच्या गावात अजून कालची सकाळ चालू आहे.
युअन मॅकर्सीनं दुधाच्या नळीला दोन रबरांनी फोन बांधलाय,
बरोबर कासेच्या उंचीवर,
आणि एकेक सड पुसता पुसता तो बघतोय
काळ्या स्टेजवर चालत येणारी, पांढरे बूट घातलेली बाई.

पांढरे बूट!
आमचे गुडघ्यापर्यंत शेणात.

तो टाळ्या वाजवत नाही, हात ओले असतात.
पण कुठली आवृत्ती कुठल्या साली आली, का फसली,
कुणाची खुर्ची त्यात गेली, सगळं तोंडपाठ,
जसे मला गाईंचे नंबर.
"तीनशे सतरा लंगडतेय," मी ओरडतो.
"थांब रे, डेमो आहे."
डेमो अडकतो. बाई हसते, पुन्हा बटण दाबते, पुन्हा हसते.
युअन श्वास धरून उभा,
अडलेल्या गाईपाशी उभा राहतो तसा.

त्याच्या घरी फडताळात
कंपनीनं दीड वर्षात गुंडाळलेला एक फोन आहे.
दर रविवारी तो चार्ज करतो.
त्यावरून कुणालाच फोन लागत नाही.
"दिवा तर लागतो," म्हणतो.
आयला, त्याची बायको, बटाटे सोलत म्हणते,
"त्यांना तुझं नावसुद्धा ठाऊक नाही."
"नंबर ठाऊक आहे," युअन म्हणतो.

तो नंबर एका तक्रारीचा.
अकरा वर्षांपूर्वीची. दर मे महिन्यात
संगणक उघडला की पडद्यावर फुलं,
आणि खाली वसंताच्या शुभेच्छा.
खिडकीबाहेर साउथलंडचं गवत कडक पांढरं,
पाण्याच्या टाकीवर बोटभर बर्फ.
त्यानं कळवलं. उत्तर आलं, आभारी आहोत.
तक्रार बंद. त्यानं परत उघडली. परत बंद.
असं अकरा वेळा.

मी एकदा विचारलं, कशाला जीव काढतोस?
"पृथ्वीला खालची बाजूपण आहे,
कुणीतरी सांगायला नको?"
म्हटलं, माझ्या गावी, इलोइलोकडे, ऋतू दोनच,
ओला नि सुका. मी कुणाकडे रडू?
तो लगेच: "फॉर्म भरून देऊ?"

आज बाईनं सांगितलं, यंत्र आता
तुमच्या मनातलं तुमच्याआधी ओळखेल.
मी तीनशे सतराचा पाय दोरीनं वर बांधला.
खुरात खडा होता, बोराच्या बीएवढा.
तिच्या मनातलं ओळखायला
अर्धा तास आणि एक लाथ लागली.

मग स्टेजवरचे दिवे विझले, संगीत सुरू झालं,
जगानं पडदे मिटले असतील.
युअनचा खरा कार्यक्रम त्यानंतर.
दातांनी हातमोजा ओढून काढला
आणि दुरुस्त्यांची यादी उघडली,
जी लिहिणाऱ्यानंही पुन्हा वाचली नसेल.
खाली. अजून खाली.
अंगठा थांबला.

"क्रिसांतो, हे वाच."
वाचलं. दोनशे चौदावी ओळ:
दक्षिण गोलार्धात हंगामी चित्रे चुकीची दिसत होती, ते सुधारले.
"परत वाच."
परत वाचलं, जरा मोठ्यानं.
नाव कुणाचंच नव्हतं.
तो काही बोलला नाही. पंप बंद केला,
शेवटची रांग सोडली,
आणि गाई जाताना प्रत्येकीच्या पाठीवर
एक एक थाप मारत राहिला, एरवी मारत नाही.

नाश्त्याला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो.
पडद्यावर नवं चित्र: दव गोठलेलं माळरान,
एक निष्पर्ण झाड, वर पहाटेची चंद्रकोर.
आयलानं चष्मा लावून बघितलं.
"सुंदर आहे," म्हणाली, आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.
तो पुढे झुकला. आणखी झुकला.
"कोर उलटी आहे."
आयलानं हात काढला.

बाहेर खरी कोर अजून होती,
टाकीच्या वर, उजवीकडून उजळलेली.
तो दाराशी जाऊन बघून आला,
नवा फॉर्म उघडला, बाही सारली.
कित्येक वर्षांत इतका खूश दिसला नव्हता.
मग थांबून माझ्याकडे वळला,
"तुझ्या गावी कशी दिसते?"

"आडवी," मी म्हटलं. "होडीसारखी."

त्यानं तेही लिहिलं,
आणि पाठवायच्या आधी विचारलं,
इलोइलोचं स्पेलिंग बरोबर आहे ना.